आयईपीतला ‘सद्यस्थिती’चा रकाना कसा भरायचा

दिव्यांग मुलासाठी शाळेत बनवायचा वैयक्तिक शैक्षणिक आराखडा, म्हणजे आयईपी, बहुतेक वेळा ‘सद्यस्थिती’ या पहिल्याच रकान्यात फसतो. तिथे ‘वाचन कच्चे’ असं लिहिलं की पुढचं सगळं हवेत राहतं.

मोजून लिहा. कान्याचे १० शब्द (काका, नाक, मान) आणि दुसऱ्या वेलांटीचे १० (नदी, वही, घडी) चिठ्ठ्यांवर लिहून एकेक समोर ठेवा. नोंद अशी हवी: ‘कान्याचे १० पैकी ७, वेलांटीचे १० पैकी १, “नदी”चं “नद” वाचतो.’ म्हणजे अक्षर ओळखतो, वेलांटी गाळतो, हे कळलं. तीन वेगळ्या दिवशी मोजा, कारण फिट येणारं मूल त्यावरच्या गोळीने एखाद्या दिवशी पेंगतं. चिठ्ठ्यांचा क्रम दर वेळी बदला, नाहीतर पाठांतरालाच आपण वाचन समजून बसतो.

नाशिक जिल्ह्यातल्या पेठ-सुरगाण्याकडच्या मुलांच्या घरी कोकणा ही आदिवासी बोली बोलली जात असेल, तर सूचना आधी त्या भाषेत देऊन पाहा. मराठी न कळणं म्हणजे बौद्धिक अक्षमता नव्हे. ही गल्लत फार महागात पडते.

मग उद्दिष्ट: ‘दिवाळीच्या सुट्टीपर्यंत वेलांटीचे १० पैकी ८ शब्द, मदतीशिवाय, सलग तीन दिवस.’ एका वेळी अशी दोन-तीनच घ्या. प्रत्येकापुढे कोण, कधी, किती मिनिटं हे लिहा: ‘वर्गशिक्षक, परिपाठानंतर १० मिनिटं, वेलांटी लाल रंगात.’ ‘विशेष शिक्षक पाहतील’ हे उत्तर नव्हे. ते एकाच शाळेत रोज नसतात.

बैठकीला आई-वडील हवेतच, नुसती सही घ्यायला घरी वही पाठवू नका. यूडीआयडी कार्डासाठीही (दिव्यांगत्वाचं सरकारी ओळखपत्र) थांबायचं कारण नाही. ६ ते १८ वयाच्या मोफत शिक्षणाच्या हक्कासाठी ४० टक्के दिव्यांगत्वाचा दाखला लागतो, पण गरजेनुसार मदत देण्याची जबाबदारी २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने शाळेवर आधीच टाकली आहे.

दर तीन महिन्यांनी त्याच पद्धतीने पुन्हा मोजा. आकडा हलला नसेल तर आधी ती १० मिनिटं खरंच मिळाली का ते तपासा. मिळाली असतील तर उद्दिष्टाचे तुकडे करा: आधी फक्त ‘दी’ आणि ‘ही’.

द्राक्षांच्या हंगामात दिंडोरी-निफाडला कामाला जाणाऱ्या कुटुंबाकडे आराखड्याची झेरॉक्स द्या. वर ठळक लिहा: शेवटची मोजणी, तारीख, शिक्षकांचा फोन.