काल्पनिक युद्धात खोऱ्यातली जहागीर कशी उभी करावी

काल्पनिक युद्ध लिहायचं तर मी राजधानीपासून सुरुवात करत नाही, आधी एखादं खोरं धरते. नमुना म्हणून टोल्कीनच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या कादंबरीतलं लोसार्नाख घ्या. गोंडोर या राज्याच्या राजधानीजवळचा हा मुलूख, सरदार म्हातारा, अवाढव्य फोरलाँग. वेढा पडायच्या आधी तो माणसं घेऊन येतो, फक्त 200. नगरातल्या लोकांना त्याच्या दहापट हवी होती. पण दक्षिणेकडून चाच्यांचं आरमार येतंय, घर उघडं कसं टाकणार? जहागिरीची सगळी गोष्ट त्या आकड्यात आहे. तुमच्या खोऱ्याचंही आधी हेच ठरवा: किती मागितले, किती धाडले, उरलेले कशाच्या राखणीला थांबले.

मग हत्यार. लोसार्नाखच्या माणसांकडे मोठाल्या कुऱ्हाडी आहेत, तेवढ्यावरून ती गर्दीत ओळखू येतात. एकच हत्यार द्या. वंशावळ, निशाणं सावकाश होतील.

आणि सरदाराला वाचवू नका, हे मी आग्रहानं सांगते. फोरलाँग घोडा गमावून एकटा लढतो आणि शत्रूच्या कुऱ्हाडींखाली पडतो. तुमचा सरदार पडला की त्याच्यामागे खोरं कोण सांभाळणार, ते नाव पहिल्या प्रकरणातच पेरून ठेवा.