कॉलेजचा क्वार्टरबॅक एनएफएलमध्ये चालेल का? अंदाज बांधताना या चुका टाळा

एनएफएल ही अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग, आणि दरवर्षीच्या ड्राफ्टमध्ये तिचे संघ पाळीपाळीने कॉलेजचे खेळाडू निवडतात. २०२१च्या ड्राफ्टमध्ये पहिल्याच फेरीत पाच क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकून आक्रमण चालवणारे खेळाडू, उचलले गेले: ट्रेव्हर लॉरेन्स, झॅक विल्सन, ट्रे लान्स, जस्टिन फील्ड्स आणि मॅक जोन्स. २०२४चा हंगाम सुरू झाला तेव्हा लॉरेन्स सोडून बाकी चौघं दुसऱ्याच संघांत होते. मॅक जोन्स तर लॉरेन्सचाच राखीव खेळाडू म्हणून जॅक्सनव्हिलला जाऊन बसला होता. लान्सला घेता यावं म्हणून सॅन फ्रान्सिस्कोने पहिल्या फेरीच्या तीन निवडी मोजल्या, आणि त्यांच्याकडून तो सुरुवातीपासून खेळला जेमतेम चार सामने. त्याच संघाने २०२२मध्ये ड्राफ्टमधला अगदी शेवटचा, २६२वा खेळाडू म्हणून ब्रॉक पर्डीला घेतलं आणि फेब्रुवारी २०२४मध्ये सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, खेळला तो पर्डी.

ज्यांचं पोट यावर चालतं त्यांची ही गत. तेव्हा तुम्हीआम्ही छातीठोक भाकितं करण्यात अर्थ नाही. पण ठरावीक चुका दरवर्षी त्याच होतात आणि त्या टाळता येतात.

हंगामाचे आकडे एकट्या क्वार्टरबॅकच्या नावावर लावणं

ही सगळ्यात मोठी चूक. १०० पैकी किती पास पूर्ण झाले, या एका आकड्यात प्रशिक्षकाची आखणी, पास झेलणाऱ्या रिसीव्हरचा वेग, क्वार्टरबॅकला वाचवणाऱ्या लाइनमनची ताकद आणि समोरच्या संघाचा दुबळेपणा हे सगळं मिसळलेलं असतं. मॅक जोन्सने २०२०मध्ये अलाबामा विद्यापीठाकडून ७७.४ टक्के पास पूर्ण केले. पण त्याच आक्रमणातले डेव्हॉन्टा स्मिथ, जेलन वॉडल, नाजी हॅरिस आणि अ‍ॅलेक्स लेदरवुड हे आणखी चार जणही त्याच वर्षी पहिल्या फेरीत गेले. पाटा खेळपट्टीवरच्या द्विशतकाकडे आपण ज्या नजरेने बघतो, त्याच नजरेने हे आकडे बघायला हवेत.

म्हणजे असे आकडे खोटेच असतात का? तसंही नाही, आणि खरी गोम इथेच आहे. जो बरोने २०१८मध्ये एलएसयू या कॉलेजकडून ५७.८ टक्के पास पूर्ण केले, टचडाउन (थेट गुण मिळवून देणारे) पास १६. पुढच्याच वर्षी ७६.३ टक्के आणि तब्बल ६०! मधल्या काळात संघाची पासिंगची पद्धत बदलली, जो ब्रेडी हा नवा प्रशिक्षक आला, जमार चेस आणि जस्टिन जेफरसन हे रिसीव्हर बहरले. आकडे फुगायला कारणं होतीच, तरी बरो अस्सल निघाला. जोन्सची कारकीर्द रखडली, बरो आपल्या संघाला सुपर बोलला घेऊन गेला. कॉलेजच्या शेवटच्या हंगामाचे आकडे मात्र दोघांचेही डोळे दिपवणारे.

म्हणून आधी वजाबाकी करा. स्क्रीन पास, म्हणजे जवळच टाकलेले सोपे पास, काढून टाका. धाव की पास हे स्नॅपनंतर, म्हणजे चेंडू खेळात आल्यावर, ठरवायचं असे आरपीओ डावही काढा. कॉलेजच्या नियमात अशा वेळी लाइनमन तीन यार्ड पुढे जाऊ शकतात, एनएफएलमध्ये एकच, त्यामुळे तीच चाल वर गेल्यावर तितकी मोकळी राहत नाही. मग मैदानाच्या मधोमध, १० ते २० यार्डांवर, दोन बचावपटूंच्या फटीत टाकलेले किती पास उरतात ते मोजा. कधीकधी सामन्यात चार-पाचच निघतात.

चेंडू कोणत्या हॅशवर होता ते न बघणं

यावर फारसं कोणी बोलत नाही. मैदानाची रुंदी दोन्हीकडे १६० फूटच. पण कॉलेजमध्ये दोन हॅशमधलं (चेंडू ज्यांच्या आत ठेवून डाव सुरू होतो त्या खुणांच्या रांगांमधलं) अंतर ४० फूट असतं, एनएफएलमध्ये साडेअठरा. म्हणजे कॉलेजमध्ये चेंडू डाव्या हॅशवर असेल तर डावी कडा ६० फुटांवर आणि उजवी १०० फुटांवर. डावीकडचा आउट पास (कडेकडे वळणाऱ्या रिसीव्हरला दिलेला) सोपा, तो कुणीही मारतो. तोच डाव्या हॅशवरून उजव्या कडेला, १५ यार्ड पुढे, वेळेवर आणि सपाट गेला, तर हातात दम आहे असं समजा. हायलाइट्समध्ये हा फरक कळत नाही, कारण कॅमेरा चेंडूमागे धावतो आणि तुम्ही कॅमेऱ्यामागे.

पहिला बेत फसल्यावरचे पास सोडून देणं

माझ्या मते निम्मा निकाल इथेच लागतो. एक थर्ड डाउन (दहा यार्डांसाठीच्या चार प्रयत्नांतला तिसरा) घ्या, आठ यार्ड हवेत. स्नॅपच्या आधी चित्र थांबवा. मागे दोन सेफ्टी, म्हणजे सगळ्यात मागचे बचावपटू, उभे आहेत. स्नॅप झाला आणि त्यातला एक धावत खाली आला, म्हणजे क्वार्टरबॅकने मनात धरलेला पहिला पर्याय मेला. लाइनमधला उजवा टॅकल मागे रेटला जातोय. आता चेंडूवरून नजर काढा आणि त्याचं हेल्मेट बघा. तोंड अजून मैदानाकडेच आहे, की अंगावर येणाऱ्या माणसाकडे वळलं? नंतर पाय बघा. अर्धं पाऊल पुढे सरकून जागा करतो, की मागे मागे पळत दहा यार्ड घालवतो? टीव्हीच्या चित्रात सेफ्टी बऱ्याचदा चौकटीबाहेर राहतात, त्यामुळे क्वार्टरबॅकच्या पाठीमागून घेतलेला रिप्ले मिळाला तर तो आधी बघा. हंगामातले असे सगळे थर्ड डाउन सलग बघितले की माणूस कळायला लागतो.

यातच आणखी एक गैरसमज असतो: सॅक झाला, म्हणजे पास टाकण्याआधीच क्वार्टरबॅकला पाडलं, की दोष लाइनचा. केलब विल्यम्सला २०२४च्या पहिल्या हंगामात ६८ सॅक बसले. शिकागोची लाइन कच्ची होती हे खरं, पण चेंडू हातात धरून ठेवायची त्याची सवय यूएससी या त्याच्या कॉलेजच्या टेपमध्येही दिसत होती.

मोजमापं आणि प्रो डे

यावर वेळ घालवू नका. पुढे महान ठरलेल्या टॉम ब्रेडीने ४० यार्ड धावायला ५.२८ सेकंद घेतले आणि तो १९९वा निवडला गेला. प्रो डेला, म्हणजे कॉलेजमध्ये संघांसमोर होणाऱ्या प्रात्यक्षिकाला, समोर बचावपटूच नसतात. विल्सनने तिथे पळता पळता अंगाच्या आडून फेकलेल्या एका पासवर लोक खुळे झाले होते. न्यू यॉर्क जेट्सने तीन हंगामांत त्याचा नाद सोडला. २०२३मध्ये सी. जे. स्ट्राउडच्या आकलन चाचणीचे कमी गुण बाहेर फुटले आणि त्याच्या डोक्याबद्दल शंका काढल्या गेल्या. त्या हंगामाअखेर आक्रमणातला सर्वोत्तम नवोदित तोच ठरला. जॉर्जियाविरुद्धचा त्याचा कॉलेजचा उपांत्य सामना, ३१ डिसेंबर २०२२चा, ज्यांनी नीट पाहिला होता त्यांना त्याचं फारसं आश्चर्य वाटलं नसेल.

‘हा पुढचा जॉश अ‍ॅलन’

अ‍ॅलनने वायोमिंगमध्ये ५६ टक्क्यांच्या आसपास पास पूर्ण केले आणि २०२०मध्ये बफेलोकडून ६९.२ टक्के. तेव्हापासून हात दणकट, शरीर भरभक्कम आणि नेम मात्र इकडेतिकडे असा कुणीही पोरगा दिसला की अ‍ॅलनचं नाव निघतं. अँथनी रिचर्डसन हे त्याचं उदाहरण. फ्लोरिडाकडून तो सुरुवातीपासून १३च सामने खेळला, शेवटच्या हंगामात ५३.८ टक्के. इंडियानापोलिसने त्याला चौथ्या क्रमांकावर घेतलं. २०२४मध्ये त्याचे ४७.७ टक्केच पास पूर्ण झाले आणि मध्येच त्याला बाकावर बसवलं. अ‍ॅलनसारखी सुधारणा हा अपवाद आहे. तो कुणाच्या बाबतीत गृहीत धरायचाच असेल तर कारण सांगा: नेम पायांमुळे चुकतो, उशिरा निर्णय घेतल्यामुळे, की मुळातच? पायांचं दुखणं प्रशिक्षक दुरुस्त करू शकतो.

सामने किती खेळला आणि वय किती, हे दोन्ही एकत्रच बघा. पर्डी आयोवा स्टेटकडून चार हंगाम खेळला होता, लान्सने कॉलेजात एकच पूर्ण हंगाम काढला. उलट चोविसाव्या वर्षी एकोणीस वर्षांच्या पोरांसमोर कुणी छान खेळत असेल तर त्यातला थोडा भाग वयाचाही असतो. क्लीव्हलंडने २०१२मध्ये ब्रँडन वीडनला पहिल्या फेरीत घेतलं तेव्हा तो २८ वर्षांचा होता.

खेळाडूचं मत संघाच्या नावावरून बदलणं

वहीत दोन रकाने करा, एक खेळाडूचा आणि एक संघाचा. २००२मध्ये ह्यूस्टनच्या नव्याकोऱ्या संघात गेलेल्या डेव्हिड कारला पहिल्याच हंगामात ७६ सॅक बसले. पुढे लीगमधला अव्वल ठरलेल्या पॅट्रिक माहोम्ससाठी कॅन्सस सिटी ड्राफ्टमध्ये २७व्या क्रमांकावरून दहाव्यावर गेली आणि तरीही २०१७चा अख्खा हंगाम, शेवटचा सामना सोडून, त्याला अ‍ॅलेक्स स्मिथच्या मागे बसवून ठेवलं. सॅम डार्नोल्ड न्यू यॉर्कमध्ये बुडाला आणि २०२४मध्ये मिनेसोटाकडून त्याने १४ सामने जिंकले. संघाच्या रकान्यात लाइन कशी आहे, मुख्य प्रशिक्षकाची खुर्ची डळमळीत आहे का, नव्या पोराला थांबवायला अनुभवी क्वार्टरबॅक आहे का, एवढं लिहिलं तरी पुरे. ड्राफ्टची पहिली फेरी भारतात शुक्रवारी पहाटे साडेपाचला सुरू होते. खेळाडूचा रकाना गुरुवारी रात्रीच भरून ठेवा आणि नाव पुकारल्यावर त्यात खाडाखोड करू नका.