खुबा दुखतो तेव्हा या चुका टाळा. आधी एका बोटानं जागा दाखवा

"कंबर लयच दुखून राहिली जी मॅडम." नागपुरात फिजिओथेरपी करताना हे वाक्य मी रोज ऐकते. मग मी म्हणते, नेमकं कुठं ते एका बोटानं दाखवा. एकाचं बोट पाठीच्या तळाशी जातं, दुसऱ्याचं कुल्ल्याच्या मधोमध. एखाद्या काकू बाजूच्या उंचवट्यावर हात ठेवतात, आणि एखाद्या काकांचा हात थेट जांघेत जातो. चौघंही म्हणतात "कंबर", पण चौघांचं दुखणं वेगळं असतं. तेल, पट्टा, गोळी, व्यायाम, जे काही करायचं ते या बोटानंतर करा. निम्म्या चुका इथंच टळतात.

जांघेतलं दुखणं "शिर चढली" म्हणून सोडून देणं

खुब्याचा सांधा बाजूला नसतो. तो आत, जांघेच्या मागे खोलवर असतो: मांडीच्या हाडाचा गोळा आणि त्याला धरणारी वाटी. म्हणून सांधाच बिघडला असेल, तर दुखतं ते बहुतेक वेळा जांघेत. वय झालेल्यांमध्ये त्याचं नेहमीचं कारण म्हणजे सांध्याची झीज. तिची खूण घरातल्या साध्या कामांत दिसते. पायमोजा घालताना पाय हातात येत नाही, पायाची नखं कापायला दुसरं कुणी लागतं, स्कूटरवर टांग टाकताना कळ येते, पंगतीत मांडी घालून बसवत नाही. सकाळी सांधा आखडतो, पण अर्ध्या तासाच्या आत मोकळा होतो.

यातला सगळ्यात मोठा चकवा म्हणजे गुडघा. खुब्याचं दुखणं मांडीतून उतरून गुडघ्यात जाणवू शकतं, कधीकधी तर फक्त गुडघ्यातच. माझ्या बाबांच्या बाबतीत हेच झालं. आठ महिने आम्ही त्यांच्या उजव्या गुडघ्याला तेल चोळलं, शेक दिला, गुडघ्याचे दोन एक्स-रे काढले. दोन्ही वेळा वयाच्या मानानं गुडघा ठीकच निघाला. तेव्हा मी शिकत होते. एके दिवशी परीक्षेची तयारी म्हणून मी त्यांना पलंगावर निजवलं, गुडघा वाकवला आणि पाऊल बाहेरच्या बाजूला नेलं, म्हणजे खुबा आतल्या दिशेनं फिरवला. ते ओरडलेच. गुडघ्याला मी काहीच केलं नव्हतं. ते आठ महिने मला अजून टोचतात. म्हणून सांगते, गुडघा दुखतोय आणि गुडघ्यात काही सापडत नाहीये, तर डॉक्टरांना खुबाही तपासायला सांगाच.

काठी दुखऱ्या बाजूच्या हातात धरणं

बाबांची ही दुसरी चूक, आणि फुटाळ्याला किंवा सिव्हिल लाइन्समध्ये सकाळी फिरायला गेलं की ती मला पावलोपावली दिसते. उजवा खुबा दुखतो म्हणून काठी उजव्या हातात. खरं तर ती डाव्या हातात हवी.

कारण असं. चालताना प्रत्येक पावलाला आपण क्षणभर एकाच पायावर असतो. तेव्हा कमरेचा सांगाडा दुसऱ्या बाजूला कलू नये म्हणून खुब्याच्या बाजूचा स्नायू जोरानं ओढून धरतो. शरीराचं वजन आणि ही ओढ मिळून सांध्यावर वजनाच्या अडीच-तीन पट भार येतो. काठी विरुद्ध हातात असली की कलणारी बाजू तीच उचलून धरते, स्नायूला कमी ओढावं लागतं आणि सांधा हलका होतो. काठी आणि दुखरा पाय एकाच वेळी पुढे टाका. उंची पाहायची तर चप्पल घालून ताठ उभे राहा, हात सोडा. मूठ मनगटाच्या घडीपाशी यायला हवी. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. काठी घ्यायची लाज मात्र बाळगू नका. बाबा वर्षभर घेत नव्हते, आणि तेवढं वर्षभर ते घरातच बसले.

बाजूच्या दुखण्याला ताणत राहणं

चाळिशी-पन्नाशीतल्या बायकांना खुब्याच्या बाजूच्या हाडावर दुखतं, आणि रात्री त्या कुशीवर झोपवत नाही. बऱ्याचदा हे सांध्याचं नसतं, तिथं चिकटणाऱ्या स्नायूबंधांचं असतं. उपाय म्हणून मोबाइलवर पाहून पायावर पाय ओढून ताण देणं सुरू होतं, आणि दुखणं वाढतं. कारण पाय आतल्या बाजूला नेला की तोच बंध हाडावर दाबला जातो. ओट्याशी पोळ्या करताना एका पायावर भार टाकून कंबर एका बाजूला सोडून उभं राहणं, पायावर पाय टाकून बसणं, यातही तेच घडतं. दोन्ही पायांवर उभ्या राहा. चांगल्या कुशीवर झोपा आणि दोन गुडघ्यांमध्ये जाड उशी घ्या.

इथं ताण नको, ताकद हवी. पाठीवर निजून गुडघे वाकवून कंबर उचलणं, खुर्चीतून हात न टेकता उठणं, अशापासून सुरुवात करा. करताना थोडं दुखलं तर चालेल. रात्री किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी जास्त ठणकलं तर आदल्या दिवशी जास्त झालं असं समजा. दोन-तीन महिने लागतात. फिरणं बंद करू नका, अंतर कमी करा.

कुल्ल्यात दुखून कळ पोटरीपर्यंत उतरत असेल, मुंग्या येत असतील, तर मूळ बहुधा कमरेच्या मणक्यात किंवा दबलेल्या नसेत असतं. मागच्या खिशातलं जाड पाकीट आजच काढा, आणि दिवसभर दुचाकीवर असाल तर मधेमधे उतरून दहा पावलं चाला. लघवी-संडासवरचा ताबा गेला किंवा बसण्याची जागा बधिर झाली, तर त्याच तासाला दवाखाना गाठा.

"तरुण आहे, होईल बरं"

हे मला सगळ्यात कळकळीनं सांगायचं आहे. पंचविशी-तिशीतल्या मुलाची जांघ दुखते, तो लंगडतो, एक्स-रे काढतात, साफ येतो, आणि घरचे निश्चिंत होतात. खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून हाड मरू लागण्याचा आजार असतो, त्याला एव्हीएन म्हणतात. सुरुवातीला तो एक्स-रेत दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसतो. गोळा शाबूत असताना कळलं तर तो वाचवण्याचे प्रयत्न करता येतात. एकदा गोळा खचला की बहुतेकांना सांधा बदलावाच लागतो.

कारणं ठाऊक असावीत: जास्त काळ किंवा मोठ्या मात्रेत घेतलेली स्टेरॉइड्स, दारू, आणि आपल्या विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार. विळ्यासारख्या वाकलेल्या लाल पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि गोळ्याकडे जाणारं रक्तच थांबतं. २०२३ च्या जुलैत सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. आपल्याकडे प्राथमिक आरोग्य केंद्रातही पहिली चाचणी होते. घरात कुणाला सिकलसेल असेल आणि त्याची जांघ दुखत असेल, तर हाडांच्या डॉक्टरांना ते पहिल्याच वाक्यात सांगा. आणि सांधेदुखीवरच्या बिननावाच्या पुड्या घेऊ नका. "दोन दिवसांत उतार" देणाऱ्या अशा पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं.

तरुणपणीच सकाळी अर्ध्या तासाहून जास्त आखडणं, बसून वाढणारं आणि हिंडून-फिरून कमी होणारं दुखणं असेल, तर ते संधिवाताच्या डॉक्टरांना दाखवा. संध्याकाळचा बारीक ताप आणि घटणारं वजन सोबत असेल तर सांध्याच्या क्षयाची तपासणी हवी.

वेदनाशामक गोळ्या स्वतःच्या मनानं आठवडेच्या आठवडे घेऊ नका. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, अंगातलं पाणी आटतं, आणि त्यात या गोळ्या मूत्रपिंडावर घाव घालतात. रक्तदाब, मधुमेह असलेल्यांनी तर विचारल्याशिवाय एकही घेऊ नये.

पडल्यावर उठवून चालवून पाहणं

आजी रात्री बाथरूममध्ये घसरल्या, की आपण दोघं धरून उभं करतो आणि म्हणतो, "पाहा बरं टाकून पाय." तसं करू नका. पाऊल बाहेरच्या बाजूला वळून पडलं असेल, तो पाय आखूड दिसत असेल, तर खुब्याचं हाड मोडलेलं असू शकतं. चोळू नका, ओढून सरळ करू नका. पायाच्या दोन्ही बाजूंना उशा लावा, पांघरूण घाला, १०८ ला फोन करा, आणि ऑपरेशन लागेल म्हणून खायला-प्यायला काही देऊ नका. लहान मूल ताप येऊन पाय टेकवायचंच थांबलं, तरीही रात्र काढायची नाही. सांध्यात पू झाला असेल तर काही तासही मोलाचे असतात.