अ‍ॅनिमे टॅटू गोंदवून घेताय? या चुका टाळा

अ‍ॅनिमे (जपानी अ‍ॅनिमेशन) पात्राचा टॅटू बिघडतो तो बहुतेक वेळा डोळ्यांत. मोबाइलवर चित्र मोठं करून पाहिलं की बुबुळातल्या चार छटा, दोन पांढरे ठिपके, बारीक पापण्या सगळं दिसतं. तेच चित्र मनगटावर ४ सेंमीत बसवलं की अख्खा डोळा ५-६ मिमीचा उरतो. कातडीतली रेघ वर्षागणिक थोडी पसरतेच. दोन रेघांमध्ये मोकळी जागा नसेल, तर काही वर्षांनी तिथे नुसता काळा डाग राहतो. पूर्ण चेहरा हवा असेल तर तो किमान ८-१० सेंमी उंच घ्या. दंड किंवा पोटरीवर तेवढी जागा मिळते. ती द्यायची नसेल तर चेहऱ्याचा हट्ट सोडा आणि पात्राची टोपी, तलवार किंवा मुखवटा निवडा. डिझाइन खऱ्या मापात छापून दोन मीटरवरून बघा. डोळ्यांतला भाव तिथून कळत नसेल तर तपशील कमी करायलाच हवा.

डोळ्यातली चमक पांढऱ्या शाईच्या भरवशावर सोडू नका. गव्हाळ-सावळ्या कातडीवर ती जखम भरल्यानंतर पिवळट, फिकी दिसते. चमकेची जागा कोरी ठेवून भोवती गडद काळा भरलेला जास्त टिकतो. फिक्या गुलाबी किंवा आकाशी केसांनाही काळ्या शेडिंगचा आधार लागतो. मंगातल्या (जपानी कॉमिक्समधल्या) ठिपक्यांच्या छटा जशाच्या तशा उचलू नका, ठिपके एकमेकांत मिसळतात.

स्टेन्सिल, म्हणजे कातडीवर उमटवायचा डिझाइनचा छाप, उभं राहून, हात सैल सोडून लावून घ्या. टेबलावर हात वळवून लावलं तर नंतर चेहरा तिरका दिसतो. मग दुसऱ्याला फोटो काढायला सांगा, कारण आरशात बाजू उलट्या दिसतात. 'वन पीस'मधल्या लुफीचा व्रण डाव्या डोळ्याखाली असतो. चित्र उलटं छापलं गेलं तर तो उजवीकडे जातो, आणि चाहत्यांना हे लगेच खटकतं. सुई लावण्याआधी स्टेन्सिल १०-१५ मिनिटं सुकू द्या, नाहीतर शाई पुसताना रेघाही पुसल्या जातात.

रेघेभोवती निळसर धुकं दिसलं तर सुई जास्त खोल गेली आहे. ते टच-अपने (नंतरच्या किरकोळ दुरुस्तीने) जात नाही, रेघ जाड करून किंवा शेजारी शेडिंग देऊन झाकावं लागतं. रेघ मधेच तुटली किंवा रंग उडाला तर घाई नको, ४-६ आठवड्यांनी टच-अप करून घ्या. लाली पसरत चालली, पू झाला किंवा ताप आला तर हळद लावत बसू नका, त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

नाशिककरांनी रंगपंचमीच्या तोंडावर तर गोंदवूच नये. ओल्या टॅटूसह रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्याने भरलेल्या हौदात, उडी मारली की रंगाचं पाणी थेट उघड्या जखमेत जातं. सणाआधी किमान महिनाभर हात मोकळा ठेवा. रामकुंडातली आंघोळ आणि पोहण्याचा तलावही जखम पूर्ण भरेपर्यंत बंद. तोवर दिवसातून दोनदा बिनवासाच्या साबणाने धुवा, टिपून कोरडं करा, मलमाचा अगदी पातळ थर लावा आणि खपली आपोआप पडू द्या. नखाने काढली तर तिच्याबरोबर रंगही निघतो.