टोकन लागलंय, तरी सही होईना?

१९ तारखेच्या संध्याकाळी आमच्या शाहूपुरीतल्या ऑफिसात एकच फोन सारखा येतो : "मॅडम, डीएससी घेईना." डीएससी म्हणजे डिजिटल सहीचं सर्टिफिकेट, ते पेनड्राइव्हसारख्या यूएसबी टोकनमध्ये असतं. दुसऱ्या दिवशी जीएसटीचं मासिक रिटर्न, म्हणजे ३बी, भरायची शेवटची तारीख, त्यामुळं सगळे जीएसटी पोर्टलला शिव्या घालत असतात. मी आधी विचारते, टोकनवर लाइट लागलाय का?

परवा शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीचे मालक टोकन घेऊन आले. बुलेटच्या किल्लीला अडकवलेलं, तोंडात मोल्डिंगची काळी वाळू! कोरड्या टूथब्रशनं झाडलं आणि हबमध्ये न घालता थेट सीपीयूच्या मागच्या पोर्टात घातलं. लाइट लागला.

मग टोकनचं स्वतःचं सॉफ्टवेअर उघडायचं. त्यात सर्टिफिकेट दिसलं तर टोकन आणि ड्रायव्हर ठीक. नाही दिसलं तर ड्रायव्हर काढून पुन्हा टाका, तोवर पोर्टल उघडूच नका. पासवर्ड मात्र अंदाजानं मारत बसू नका, टोकन लॉक होतं. आणि 'इनिशिअलाइज'ला हात लावू नका. एकदा मीच घाईत दाबलं, सर्टिफिकेट पुसलं गेलं. नवीन काढताना, ज्यांचं ते होतं त्या साहेबांना पुन्हा व्हिडिओसमोर बसवावं लागलं, ते अजून ऐकवतात.

सर्टिफिकेट दिसतंय पण पोर्टल एमसाइनर (टोकन आणि पोर्टल जोडणारं आपल्या कॉम्प्युटरवरचं सॉफ्टवेअर) सुरू करा म्हणतंय? एमसाइनरवर राइट क्लिक करून 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' करा. तरी अडलं तर ब्राउझरमध्ये https://127.0.0.1:1585 हा पत्ता उघडा. धोक्याची सूचना येईल. 'अ‍ॅडव्हान्स्ड'मधून पुढे जा. हा पत्ता आपल्याच कॉम्प्युटरचा, म्हणून चालतं. दुसऱ्या कुठल्या साइटला ही सवलत देऊ नका.

फाउंड्रीचं घोडं इथंही अडलं नव्हतं. त्यांनी डीएससी नुकतीच रिन्यू केलेली, पोर्टलवर नोंद जुनीच. 'माय प्रोफाइल'मध्ये 'रजिस्टर/अपडेट डीएससी' करायचं राहिलेलं. तिथं यादीत दोन्ही सर्टिफिकेटं एकाच नावाची दिसली, म्हणून मुदतीची तारीख बघून नवं निवडलं. सर्टिफिकेटवरचा पॅन सही करणाऱ्याचाच लागतो, मुलाचं टोकन वडिलांच्या नावावर चालत नाही.

तुमची प्रोप्रायटरशिप असेल तर एवढं कशाला करता? डीएससीऐवजी ईव्हीसी निवडा, म्हणजे मोबाइलवर आलेला ओटीपी टाका आणि मोकळे व्हा. प्रायव्हेट लिमिटेडवाल्यांना ती सोय नाही, म्हणून त्यांच्यासाठी माझ्या ड्रॉवरात एक टूथब्रश कायम असतो.