दोन वर्षांच्या मुलासह मैत्रिणीच्या लग्नाला जाताना

मुंबईहून कोल्हापूरला लग्नासाठी जायचे असेल, तर रात्रभराच्या प्रवासाची महालक्ष्मी एक्सप्रेस सोयीची पडते, कारण मूल बहुतांश वेळ झोपेतच असते. पाच वर्षांखालील मुलाला रेल्वेत तिकीट लागत नाही. मात्र त्याच्यासाठी वेगळा बर्थ हवा असल्यास पूर्ण भाडे भरावे लागते. दोघे मोठे असाल, तर खालचा एक बर्थ मिळवून मुलाला भिंतीच्या बाजूला निजवावे.

मुहूर्त सकाळचा असल्यास आदल्या दिवशीच पोहोचावे आणि कार्यालयात वधूपक्षाकडून एखादी शांत खोली आधीच मागून ठेवावी. जिवलग मैत्रीण असल्याने संकोचाचे कारण नाही. जरीचे कपडे मुलाला टोचतात, म्हणून ते मंगलाष्टकांच्या थोडे आधी, आतून सुती बंडी घालूनच चढवावेत. पंगतीची वाट न पाहता त्याला घरून नेलेल्या मेतकूट-भाताने आधी जेवू घालावे. अक्षता मात्र त्याच्या मुठीत द्याव्यात, पण लक्ष ठेवावे, कारण त्या बहुधा थेट तोंडातच जातात. बँड सुरू होताच त्याला घेऊन मागे सरकावे.