ईसीएचएसचं कार्ड आहे, तरी गोळ्यांना पैसे का जातात?

माझ्या वडिलांच्या, आबांच्या, उशाशी बुटाचा एक जुना खोका असतो, गोळ्यांचा. गेल्या दिवाळीच्या साफसफाईत तो उपसला, तर तळाशी मेडिकलच्या दुकानाची बिलं निघाली. बेरीज केली. वर्षाचे १४,३०० रुपये. आबा १९८८ साली फौजेतून हवालदार म्हणून पेन्शनवर आले, मी २०१८ साली त्याच हुद्द्यावर. एका घरात दोन ईसीएचएस कार्डं, म्हणजे माजी सैनिकांच्या सरकारी आरोग्य योजनेची, आणि गोळ्यांना चौदा हजार! विचारलं तर आबा म्हणाले, "पॉलिक्लिनिकला एनए म्हणतात, औषध नाही. मग काय गोळीवाचून बसून राहू?"

चूक आबांची नव्हती, माझी होती. मी पलटणीत क्लार्क. चोवीस वर्षं दुसऱ्यांचे पार्ट टू ऑर्डर, म्हणजे जवानांच्या नोंदींचे हुकूम, काढले, आणि घरचा कागद कधी नीट बघितला नाही. त्यानंतर बसून सगळं समजून घेतलं. आता गावातले पेन्शनर संध्याकाळी पारावर तेच तेच विचारतात, म्हणून एकदाच लिहून काढतो.

आधी कार्ड

यात फार वेळ घालवत नाही. योजना १ एप्रिल २००३ ला सुरू झाली. त्यानंतर पेन्शनवर आलेल्यांना सभासद व्हावंच लागतं, वर्गणी निवृत्तीच्या पैशातूनच कापली जाते. हवालदारापर्यंत ३०,०००, नायब सुभेदारापासून सुभेदार मेजरपर्यंत आणि मानद लेफ्टनंट-कॅप्टनना ६७,०००, अधिकाऱ्यांना १,२०,०००. हे एकदाच भरायचे. १ जानेवारी १९९६ च्या आधी पेन्शनवर आलेल्यांना वर्गणी माफ, युद्धातल्या वीरपत्नींनाही माफ. दवाखान्यातली खोलीही हुद्द्यावर ठरते: आम्हा हवालदारांना जनरल वॉर्ड, जेसीओंना (नायब सुभेदार ते सुभेदार मेजर) सेमी प्रायव्हेट, अधिकाऱ्यांना प्रायव्हेट. वरची खोली मागितली की फरक आपल्या खिशातून.

माझ्या मेहुण्यानं विचारलं होतं, "एवढे तीस हजार एकदम?" त्याला म्हटलं, साठीच्या माणसाचा खाजगी मेडिक्लेमचा एका वर्षाचा हप्ता विचारून ये, मग बोलू. इथं दरसालचा हप्ता नाही, आधीपासूनचा मधुमेह आहे म्हणून नकार नाही, आणि खर्चाला अमुक लाखांची मर्यादाही नाही. निवृत्तीनंतर बँकेत सुरक्षारक्षकाची नोकरी धरली आणि त्यांनी ग्रुप पॉलिसी दिली तर जरूर घ्या. पण तिच्या भरवशावर हे कार्ड धूळ खात ठेवू नका. नोकरी सुटली की पॉलिसीही सुटते.

कार्डावर बायको, पंचवीस वर्षांच्या आतला अविवाहित आणि न कमावता मुलगा, लग्न किंवा कमाई होईपर्यंत मुलगी, आणि अवलंबून असलेले आई-वडील येतात. आई-वडिलांचं मिळून उत्पन्न महिना ९,००० अधिक महागाई भत्ता याच्या आत हवं. अपंग अपत्याला वयाची अट नाही.

खरी अडचण नावांची असते. आमच्या आळीत एक वहिनी आहेत. त्यांचे मालक ९६ च्या आधीच पेन्शनवर आलेले, म्हणजे एक पैसा भरायचा नव्हता. पण पीपीओवर, म्हणजे पेन्शनच्या आदेशावर, माहेरचं नाव आणि आधारवर सासरचं, त्यामुळे अर्ज दोनदा परत आला आणि त्यांनी नाद सोडला. पेन्शनबरोबर महिन्याला हजार रुपये वैद्यकीय भत्ता येत होता, त्यावर समाधान मानलं. मग गुडघ्याचं ऑपरेशन आलं आणि मुलानं कर्ज काढलं. असं करू नका. दोन्ही नावं एकाच बाईची आहेत असं प्रतिज्ञापत्र करा, अर्जासोबत रेकॉर्ड ऑफिसला पाठवा (आम्हा मराठा लाइट इन्फंट्रीवाल्यांचं बेळगावला) आणि दुरुस्ती होऊन आली की मग कार्डाचा ऑनलाइन अर्ज भरा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात कागद बघून देतात. कार्ड झालं की तो हजाराचा भत्ता बंद होतो, हे आधीच मनात धरा. दोन्ही एकदम मिळत नाही.

गोळ्या: एनए म्हणजे नाही नव्हे

पॉलिक्लिनिकला, म्हणजे योजनेच्या दवाखान्यात, डॉक्टर चिठ्ठी लिहितो, आपण औषधाच्या खिडकीवर जातो. पाचपैकी तीन गोळ्या मिळतात, दोनसमोर एनए लिहितात. नॉट अव्हेलेबल. इथंच आमचे म्हातारे पाठ फिरवतात आणि गावातल्या मेडिकलमधून रोखीनं घेतात. आबांचे चौदा हजार असेच गेले.

एनएच्या पुढे दोन पायऱ्या आहेत. पहिली, पॉलिक्लिनिकनं नेमलेला केमिस्ट. नसलेलं औषध त्याच्याकडून मागवतात, आपल्याला पैसे द्यावे लागत नाहीत. त्यासाठी खिडकीवर सांगावं लागतं की मागणी घाला, कधी येऊ? आपण न विचारता निघून आलो तर मागणी कोण घालणार? दुसरी पायरी, केमिस्टकडेही नसेल तर एनएचा शिक्का आणि सही घेऊन बाहेरून विकत आणायचं आणि पॉलिक्लिनिकमार्फत परतावा मागायचा. किती दिवसांचं आणि किती रकमेपर्यंत आणता येतं ते आधी ओआयसींना, म्हणजे पॉलिक्लिनिकच्या प्रमुख अधिकाऱ्यांना विचारा. दुकानदाराकडून पक्कं बिल घ्या, त्यावर रुग्णाचं नाव, औषधाचं नाव, बॅच नंबर आणि तारीख हवी. तारीख शिक्क्याच्या नंतरची असली पाहिजे. आधी गोळ्या आणल्या आणि मग शिक्का मागायला गेलो तर कोणी देत नाही, आणि बरोबरच आहे.

आता यातली खरी गंमत सांगतो. आबांच्या चिठ्ठीवर बीपीची एक गोळी होती, ब्रँडच्या नावानं. ती दरवेळी एनए. एकदा फार्मासिस्टला विचारलं की या गोळीत आहे काय? तो म्हणाला, टेल्मिसार्टन आणि अम्लोडिपिन, दोन्ही एकत्र. मग हे दोन वेगवेगळे आहेत का तुमच्याकडे? आहेत की! म्हणजे दोन वर्षं आम्ही जी गोळी विकत घेत होतो, ती दोन तुकड्यांत समोरच्या कपाटात फुकट पडून होती. डॉक्टरांना सांगितलं, त्यांनी दोन गोळ्या वेगळ्या लिहून दिल्या. आबा कुरकुरले, एकाच्या दोन झाल्या म्हणून. पण खोक्यातली बिलं बंद झाली. ही अदलाबदल मात्र डॉक्टरांनीच करायची. आपण घरी बसून गोळ्यांचं गणित मांडायचं नाही.

बाहेरच्या तज्ज्ञाकडे रेफर केलं की तो हटकून ब्रँडचं नाव लिहितो. त्याच्यासमोर बसलेलो असतानाच विनंती करा, "डॉक्टर, औषधाचं मूळ नाव लिहा, आम्हाला पॉलिक्लिनिकमधून घ्यायचंय." बहुतेक जण लिहितात. डिस्चार्जच्या दिवशी दवाखान्यातल्या दुकानातून महिन्याभराच्या गोळ्या बांधून आणू नका. डिस्चार्जचा कागद घेऊन पॉलिक्लिनिकला या आणि तिथून औषधं लिहून घ्या.

गोळ्या संपायच्या आदल्या दिवशी धावायचं नाही. आठ-दहा दिवस शिल्लक असताना जा, म्हणजे मागणी घालून औषध येईपर्यंत खंड पडत नाही. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पेन्शन काढायला तालुक्याला आलेली सगळी फौज तिथं असते, म्हणून आम्ही वीस तारखेनंतर जातो. आणि परतावा कटकटीचा वाटेल इतकी स्वस्त गोळी असेल, तर सरळ जनऔषधी केंद्रात जा. तिथं जेनेरिक औषधं ब्रँडच्या निम्म्याहून कमी भावात मिळतात. तीस-चाळीस रुपयांसाठी मी आता फाइल करत नाही. भाड्यालाच तेवढे जातात.

रेफरल

पॉलिक्लिनिकच्या आवाक्याबाहेरचं असेल तर एम्पॅनल्ड, म्हणजे योजनेच्या यादीतल्या, हॉस्पिटलचं रेफरल देतात. तीन गोष्टी बघा. रेफरलची मुदत, ती टळली की कागद रद्दी. दुसरं, ते हॉस्पिटल *त्याच आजारासाठी* एम्पॅनल्ड आहे का. हाडांसाठी यादीत असलेलं हॉस्पिटल हृदयासाठी असेलच असं नाही. तिसरं, काउंटरवर डिपॉझिट मागितलं तर भरू नका. योजनेत बसणाऱ्या उपचाराला एम्पॅनल्ड हॉस्पिटलनं पैसे घ्यायचे नसतात, बिल ते परस्पर पाठवतात. "हे ईसीएचएसमध्ये बसत नाही" म्हणाले तर म्हणायचं, लिहून द्या. निम्म्या वेळा लिहून द्यायची वेळ आली की ते बसतं. नाहीच ऐकलं तर ओआयसींना फोन लावा.

४८ तास

डिसेंबर २०२२. आबा माझ्या धाकट्या बहिणीकडे शहरात गेले होते. शुक्रवारी रात्री छातीत कळ. भाऊजींनी रिक्षात घातलं आणि सगळ्यात जवळच्या हॉस्पिटलात नेलं. त्यांनी केलं ते बरोबरच, तेव्हा यादी बघत बसायचं नसतं. ते हॉस्पिटल एम्पॅनल्ड नव्हतं.

अशा वेळी नियम असा: हॉस्पिटल एम्पॅनल्ड असेल तर इमर्जन्सीत रेफरल लागत नाही, कार्ड दाखवा, कळवण्याचं काम त्यांचं. एम्पॅनल्ड नसेल तर भरती झाल्यापासून ४८ तासांच्या आत जवळच्या पॉलिक्लिनिकला *आपण* कळवायचं, बिल आपण भरायचं, आणि नंतर परतावा मागायचा. परतावा सीजीएचएसच्या, म्हणजे केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या आरोग्य योजनेच्या, दरानं मिळतो, हॉस्पिटलच्या नाही.

मी शनिवारी संध्याकाळी पोचलो. फोन कोणी उचलेना. रविवारी कुलूप. सोमवारी जाऊ म्हटलं असतं तर ४८ तास उलटले असते. मग रविवारी सकाळी पॉलिक्लिनिकच्या ई-मेलवर भरतीच्या कागदाचा फोटो, आबांचा कार्ड नंबर, हॉस्पिटलचं नाव आणि भरतीची वेळ पाठवली. त्या एका मेलवर पुढचा सगळा क्लेम उभा राहिला. फोनवर सांगितलेलं सिद्ध करता येत नाही, मेल करता येतो.

इथंवर क्लार्कची अक्कल चालली. पुढे घाण केली. एक स्टेंट बसला, बिल १,८४,००० झालं, आणि हॉस्पिटलनं "अँजिओप्लास्टी पॅकेज" अशी एका ओळीची पावती हातात दिली. आबा शुद्धीवर होते, हसत होते, मी पावती खिशात घालून निघालो. क्लेम परत आला: खर्चाची फोड कुठे? ती मिळवायला त्या हॉस्पिटलात चार खेपा. बिलिंगचा माणूस दरवेळी जेवायला गेलेला.

म्हणून पैसे भरण्याआधी, तिथंच उभं राहून हे घ्या: इमर्जन्सी होती असं डॉक्टरांचं प्रमाणपत्र, डिस्चार्ज समरी, खोली-तपासण्या-औषधं-फी अशी ओळीवार फोड असलेलं बिल, भरलेल्या प्रत्येक रकमेची पावती, आणि स्टेंट किंवा सांधा बसवला असेल तर त्याचा स्टिकर आणि बिल. स्टिकर डबीवर असतो, डबी कचऱ्यात जाते. नर्सला आधीच सांगून ठेवा. सगळ्याची झेरॉक्स काढून मगच मूळ कागद पॉलिक्लिनिकला द्या आणि पोच घ्या. पुढे ते अपलोड होऊन बिल तपासणाऱ्या एजन्सीकडे जातं. आम्हाला सात महिन्यांनी बिलाच्या दोन तृतीयांशच्या आसपास मिळाले. उरलेला फरक आमचा.

त्यावरून एक काम केलं. बहिणीचं शहर, मुलीचं कॉलेज, सासुरवाडी, जिथं जिथं आमचं जाणं-येणं असतं तिथल्या हृदयासाठी एम्पॅनल्ड असलेल्या एकेका हॉस्पिटलचं नाव आणि पत्ता कागदावर लिहून प्रत्येकाच्या घरी फ्रिजवर चिकटवला. भाऊजींना आता विचार करावा लागणार नाही, रिक्षावाल्याला नाव सांगायचं.

सत्तरीचं दुसरं कार्ड

ग्रामपंचायतीत आयुष्मानचा कॅम्प लागतो. २०२४ च्या ऑक्टोबरपासून सत्तरी ओलांडलेल्या कोणालाही वर्षाला पाच लाखांपर्यंतचं कार्ड मिळतं, उत्पन्नाची अट नाही. आबाही मित्रांबरोबर रांगेत उभे राहिले होते, मी जाऊन हात धरून आणलं. कारण ईसीएचएसवाल्याला दोन्ही ठेवता येत नाहीत, एक निवडावं लागतं. आयुष्मान भरती झालेल्याच्या उपचारासाठी आहे, महिन्याच्या बीपी-शुगरच्या गोळ्या त्यातून येत नाहीत. आबांच्या खर्चात तर त्याच जास्त. ज्यांच्याकडे ईसीएचएस नाही अशा म्हाताऱ्यांनी मात्र ते जरूर काढावं. आईच्या बाजूच्या मामांचं मी स्वतः काढून दिलं.

आबांच्या बुटाच्या खोक्यात आता गोळ्यांबरोबर एक वही असते. डाव्या पानावर गोळीचं मूळ नाव, उजव्या पानावर कधी मिळाली, किती मिळाल्या, एनए असेल तर मागणीची तारीख. मागच्या महिन्यात एकाच गोळीसमोर एनए होतं. आबा स्वतःच खिडकीवर म्हणाले, "मागणी घाल पोरा, मी गुरुवारी येतो."